चिमणी आधीच पोचली होती

१

तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, पण तिला ते मनातून आवडायचं. ती शिकवायला कुठेच नव्हती. एका मोठ्या रक्ततपासणी प्रयोगशाळेचा डेटाबेस सांभाळायची. म्हणजे खालच्या मजल्यांवर कुणाचंही रक्त काढलं की त्याची नोंद, त्याचा अहवाल, मागच्या वर्षीचा अहवाल, हे सगळं जिथे साठतं ते घर तिच्या ताब्यात होतं. कुणाचं काही चुकलं की ती खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि अगदी पहिल्यापासून समजावून सांगायची, समोरच्याला घाई असो की नसो. म्हणून मास्तरीण.

तिचा तोरा फुकटचा नव्हता, हे तिच्याशी न पटणारेही कबूल करायचे. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक अहवाल हरवला नव्हता. चौथ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला, काचेच्या खोलीत जुना सर्व्हर घुमत असायचा. त्या घुमण्यात जरासा फरक पडला तरी ती हातातला चहा ठेवून उठायची. आता तो सर्व्हर थकला होता, त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, आणि मोठ्या साहेबांनी ठरवलं की सगळं क्लाउडवर न्यायचं. काम कुणी करायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. त्याचं तिला दोन दिवस हसू फुटत होतं.

"क्लाउड म्हणजे नक्की कुठे गं?" आईने घरी विचारलं. घरात त्या दोघीच. आईचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

"दूर कुठेतरी दुसऱ्यांची मोठमोठी यंत्रं असतात. त्यातला एक कोपरा आपण भाड्याने घ्यायचा. राखण, दुरुस्ती, बॅकअप, सगळं तिकडेच आपोआप होतं. आपल्याला जागायला नको."

"आपोआप म्हणजे कोण करतं?"

"कुणी नाही. आपोआप."

"कुणीतरी असतंच," आई म्हणाली. "आणि त्या स्वेटरचं कोपर फाटलंय तुझ्या, ते काही आपोआप शिवलं जाणार नाही. किती दिवस सांगतेय."

"शिवते गं," ती म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे शिवला नाही.

नवा सर्व्हर उभा करायला ती बसली तेव्हा शेजारी शंकासुर होता. हा प्रयोगशाळेचा प्रोग्रामर. केस पिकलेला, सज्जन माणूस, पण प्रत्येक गोष्टीत शंका काढायचा, म्हणून त्याला हे नाव. ती एकेक गोष्ट निवडत गेली आणि त्याला सांगत गेली. यंत्र कुठल्या शहरातलं घ्यायचं, ते किती मोठं हवं. मुख्य वापरकर्त्याचं नाव असं की कुणाला अंदाज बांधता येऊ नये. फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या भिंतीत, दार फक्त आपल्या इमारतीसाठी उघडं, बाकी जगाला बंद. बॅकअप रोज. आणि दुसऱ्या शहरात या सगळ्याची एक नक्कल.

"नक्कल म्हणजे नुसती प्रत नाही," तिने समजावलं. "ती जिवंत असते. मूळ जागी जे घडतं ते क्षणभराने तिच्यातही घडतं. उद्या मूळ सर्व्हर बुडाला तर नक्कल पुढे येते आणि कुणाला पत्ताही लागत नाही."

"आणि ती मागे पडली तर?"

ती याच प्रश्नाची वाट बघत होती. या जागी तिने स्वतःचा एक नियम लिहून ठेवला होता आणि तिला त्याचा फार अभिमान होता. नक्कल मुळाच्या मागे पडत पडत पाव तासावर गेली, की ती आपोआप तोडायची, पुसायची, आणि मुळावरून नवी काढायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाची सही नको. मागे पडलेल्या नकलेतून कुणाला जुना अहवाल गेला आणि डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं, तर जिवाशी खेळ.

"तोडायच्या आधी एकदा बघायला नको का?" शंकासुर म्हणाला. "तिचं काही बिनसलं असेल."

"अरे, नकलेला काय विचारायचं?" ती हसली.

तोही हसला, आणि नियम लागू झाला.

२

तिची एक सवय होती, कुणाला न सांगितलेली. नव्या डेटाबेसमध्ये खरी माहिती घालण्याआधी ती त्यात एक छोटा तक्ता करायची, त्याला 'चिमणी' नाव द्यायची, आणि त्यात एकच ओळ लिहायची: पोचलीस का? मूळ जागी लिहिलेली ओळ नकलेत दिसली की घर पक्कं. मग चिमणी पुसून टाकायची. कामाच्या पहिल्या वर्षी कधीतरी हे सुरू झालं आणि हाताला वळणच पडलं.

शंकासुर जेवायला गेल्यावर तिने दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडल्या. डावीकडे मूळ, उजवीकडे नक्कल. दोन्ही रिकाम्या, नव्याकोऱ्या. नव्या घरात पहिलं पाऊल आपलं पडावं यात जो आनंद असतो तो तिला झाला, आणि तो तिने जरा चाखत घेतला. मग डावीकडे चिमणीची ओळ लिहिली. शेवटची कळ दाबायच्या आधी नजर सहज उजवीकडे गेली.

उजवीकडे चिमणी होती. पोचलीस का?

तिने डावीकडे पाहिलं. ओळ अजून लिहिलेली, पाठवायची बाकी. बोट कळीवर टेकलेलंही नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. खाली कुठेतरी रक्त घुसळण्याचं यंत्र थांबत होतं, त्याचा आवाज उतरत उतरत बंद झाला, आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

तिने कळ दाबली. डावीकडेही चिमणी आली. वरच्या कोपऱ्यात नक्कल किती मागे आहे हे दाखवणारा आकडा होता. त्याच्या आधी वजाचं चिन्ह होतं. दोन सेकंद, पण वजा.

आता मास्तरीण म्हणजे काही घाबरट बाई नव्हे. तिने स्वतःलाच खुर्ची ओढून समजावलं. दोन शहरांतली घड्याळं जुळलेली नसतील. नव्या यंत्रांचं असं होतं. कळ आपण आधी एकदा दाबली असेल. जेवणाची वेळ टळली की हातून असं होतं. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. फक्त दोन्ही एकाच वेळी खरी असायला हवी होती, तरच हिशेब जुळत होता.

शंकासुर परत आला. "सगळं ठीक?"

"माझ्या हातचं कधी बिघडलंय?" ती म्हणाली.

सांगता आलं असतं. पण पहिल्याच दिवशी आपल्या सर्व्हरला आपणच नाव ठेवायचं, तेही याच्यासमोर, हे तिच्या जिवावर आलं. तिने चिमणी पुसली. नकलेतली चिमणी मात्र आधीच पुसलेली होती.

३

प्रत्यक्ष हलवाहलव सुट्टीच्या दिवशी सकाळी ठरली, प्रयोगशाळा बंद असताना. इमारत शांत होती. लिफ्ट बंद होती म्हणून ती मागच्या जिन्याने चढायला लागली. त्या जिन्यातले दिवे माणसाची चाहूल लागली की लागतात आणि माणूस गेला की विझतात. ती तळाशी पोचली तेव्हा खालचा दिवा आधीच लागलेला होता.

वर कुणीतरी चढत होतं. एक मजला पुढे, टाचांचा टक टक आवाज, तिच्याच वेगाने. शंकासुराच्या बुटांचा हा आवाज नव्हता. तिने हाक मारली, "कोण आहे?" पावलं थांबली नाहीत. तिसऱ्या मजल्यावर मात्र थांबली. जरा वेळ काहीच नाही, मग कुणीतरी वाकून काही ठीकठाक करावं तशी खुडबूड, आणि पुन्हा टक टक.

ती तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि तिच्या चपलेचा पट्टा सुटला. थांबावं लागलं. वाकून पट्टा लावताना तिने स्वतःच्या हातांची खुडबूड ऐकली. मगाचीच.

वर शंकासुर एकटाच बसला होता. "आत्ता कुणी आलं का इथे?" तिने विचारलं.

"तुम्हीच आलात की. पर्स ठेवलीत आणि गेलात सर्व्हरच्या खोलीकडे." त्याने तिच्या खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं, मग टेबलाकडे. टेबलावर काही नव्हतं. "निदान मला तसं वाटलं," तो म्हणाला, आणि चष्मा काढून डोळे चोळले. शंकासुराची शंका कोण मनावर घेतो? तिनेही घेतली नाही. घ्यायची नाही असं ठरवलं.

कारण काम पुढ्यात होतं, आणि काय झालं काम! लाखो माणसांची रक्तं, साखरा, कावीळ, गरोदरपणं, सगळं एका घरातून दुसऱ्या घरात गेलं आणि एक थेंब सांडला नाही. प्रत्येक तक्त्याचे आकडे जुने आणि नवे ताडून बघायचे होते. ती बघायला बसली तर बरेचसे आधीच ताडलेले होते. तिच्याच पद्धतीने, आधी लहान तक्ते मग मोठे, आणि शेवटी तिची ती खास खूण. ही माझीच पद्धत आहे म्हणजे हे मीच केलं असणार, असं तिने मनाशी म्हटलं, आणि उरलेले ताडून टाकले.

दुपारी ती काचेच्या खोलीत गेली. जुना सर्व्हर बंद करायचा मान तिचा होता. तिने त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा कोमट होता, आणि नेमक्या हाताच्या जागी जास्त कोमट, कुणीतरी नुकताच हात ठेवून काढल्यासारखा. तिने बटण दाबलं. एवढ्या वर्षांचं घुमणं थांबलं. तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं. मग डोळे पुसून ती बाहेर आली आणि शंकासुराला म्हणाली, "बघ, याला म्हणतात काम."

"मगाशीच म्हणालात," तो म्हणाला.

४

पुढच्या आठवड्यात तिचा सत्कार झाला. सगळी माणसं चौथ्या मजल्यावरच्या सभेच्या खोलीत जमली. तिला यायला उशीर झाला, कारण खाली दाराच्या यंत्राने तिचं कार्ड घेतलं नाही. लाल दिवा लागला. गेटवरचे काका हसले. "ताई, यंत्र म्हणतंय तुम्ही आतच आहात. एकदा आत गेलेला माणूस बाहेर पडल्याशिवाय पुन्हा आत येऊ देत नाही ते."

"मी कधी आले आत?"

"झाली असतील पाच-सात मिनिटं. मला गुड मॉर्निंग म्हणालात की. मागच्या दाराने बाहेर पडला असाल." त्यांनी हाताने दार उघडून दिलं.

मोठे साहेब बोलायला उभे राहिले. फारसं कुणाचं कौतुक न करणारा माणूस, पण आज सुटला होता. एक मिनिटही काम बंद न ठेवता बाईंनी कसं सगळं हलवलं, अशी माणसं कशी मिळत नाहीत. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग ते म्हणाले, "आणि मगाशी बाईंनी मला जिन्यात जे सुचवलं, की सगळ्या शाखांचे अहवाल याच सर्व्हरवर आणायचे, ते मी इथल्या इथे मंजूर करतो. बाई या विभागाच्या प्रमुख होतील."

टाळ्या वाजल्या. तिने जिन्यात काही सुचवलं नव्हतं. सुचवणार होती, हे खरं. सत्कार संपल्यावर साहेबांना गाठायचं आणि हेच बोलायचं, असं तिने सकाळी आरशासमोर दोनदा घोकलंही होतं.

तिने उठून सांगायला हवं होतं का? कुणाला, काय? कल्पना तिची होती. शब्दसुद्धा तिचेच असणार. फक्त ते तिच्या तोंडून पडायचे राहिले होते. ती उठली, हात जोडले, आणि साहेबांचे आभार मानले. टाळ्या पुन्हा वाजल्या, पण जरा विरळ, एकदा मानून झालेल्या आभारांना परत टाळ्या देताना माणसं देतात तशा. शंकासुर तेवढा कपाळाला आठी घालून तिच्याकडे बघत होता.

जागेवर येऊन तिने संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. वजा, आणि आता मिनिटांत. शंकासुर मागे येऊन उभा राहिला.

"मॅडम, नक्कल मुळाच्या पुढे कशी जाईल?"

"नाही जाऊ शकत. जी पुढे असते तीच मूळ. मागून येते ती नक्कल. एवढं तरी..." ती बोलता बोलता थांबली. हे वाक्य तिने आजवर शंभरदा शिकवलं असेल. आज पहिल्यांदा ते तिने ऐकलं.

"मग आपण उलटं वाचतोय का?" शंकासुर हळूच म्हणाला.

ती आकड्याकडे बघत राहिली. तो तिच्या उत्तराची वाट बघत थांबला, आणि मग मान डोलावून, जणू उत्तर मिळालं, निघून गेला.

५

आईला प्रमोशन सांगायचं म्हणून ती त्या संध्याकाळी लवकर निघाली. बसमध्ये तिच्या मनात एकच होतं. हे सगळं झालं ते आईने इतकी वर्षं सांभाळून घेतलं म्हणून. आपण आईकडे फार दुर्लक्ष केलं. आज गेल्या गेल्या तिच्या गुडघ्यांना मलम चोळून द्यायचं, आणि तो स्वेटरही शिवून टाकायचा.

दार आईनेच उघडलं, काठी टेकत, आणि तिला बघून बुचकळ्यात पडली.

"अगं, तू आत कपडे बदलायला गेलीस ना? बाहेरून कशी आलीस?"

आईचे डोळे ओले होते, चेहरा फुललेला. खोलीत मलमाचा वास दरवळत होता. टेबलावर दोन कप होते, एक आईचा आणि एक तिचा, आणि तिच्या कपाच्या तळाशी चहाचा घोट राहिलेला. ती नेहमी एक घोट ठेवते.

"आई, मला बढती मिळाली," ती म्हणाली.

"हो गं राणी, किती वेळा सांगशील? ऐकून माझं पोट भरलं." आईने गुडघा चाचपला. "आणि किती छान चोळून दिलंस आज. हात गरम होते तुझे. एरवी गार असतात."

तिने स्वतःचे हात नाकाशी नेले. त्यांना बसच्या दांड्याचा वास होता.

आतल्या खोलीत कपाटाचं दार कुरकुरलं आणि बंद झालं. त्या दाराची कुरकुर ती लहानपणापासून ओळखत होती. ते उचलून लावलं तरच बंद होतं, आणि उचलून लावायचं हे फक्त तिला माहीत होतं. मग दोरा दातांनी तोडावा तसा बारीक आवाज आला.

मनात आलं, वारा असेल. मनात आलं, शेजारची असेल. मन एकेक कारण पुढे करत होतं आणि तिला ते एखाद्या विद्यार्थ्यासारखं वाटलं, उत्तर येत नसताना बोलत राहणारं. तिने खोलीचं दार ढकललं. दिवा चालू होता. पलंगावर तिच्याएवढा खळगा पडलेला, तो हळूहळू भरून येत होता. उशाशी सुईदोऱ्याचा डबा उघडा. माणूस कुणी नव्हतं. खिडकीला गज होते.

ती त्या खळग्याच्या शेजारी बसली, खळग्यात नाही. बाहेरून आईचा आवाज येत होता. आई हसत होती, कुणाला तरी 'पुरे गं' म्हणत होती. ती धावत बाहेर आली तर आई एकटीच खुर्चीत, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. भीती तिला वाटलीच, पण त्याहून जास्त तिला ते हसू बोचलं. असं आई तिच्याशी कितीतरी दिवसांत हसली नव्हती. तिने आईला दोनदा हाक मारली. आई दुसऱ्या हाकेच्याही बऱ्याच वेळाने "काय गं?" म्हणाली, आणि तेही रिकाम्या खुर्चीला.

स्वेटर शिवायचा राहूनच गेला.

६

सकाळी तिचा निश्चय झाला होता. तो नियम काढायचा. पाव तासाची अटच नको. मागे पडलेल्या नकलेला राहू द्यायचं, बघायचं, विचारायचं. आणि नियम काढून झाला की पासवर्डही बदलायचा, म्हणजे कुणी तो नियम पुन्हा लावू नये. आपण पुसले गेलो तर आईजवळ कोण बसणार, हा प्रश्न तिला पडला नाही. बसणारी होतीच. तिला स्वतःला बसायचं होतं.

गेटवर लाल दिवा लागला. काकांनी मान वर केली नाही. तिने दोनदा "काका" म्हटलं. शेवटी नमुन्यांच्या पेट्या घेऊन एक माणूस आला, त्याच्या मागोमाग ती आत शिरली. त्याने दार धरलं नाही. ते तिच्या खांद्यावर आपटलं.

तिच्या टेबलावर चहाचा कप होता, तळाशी एक घोट, गार झालेला. संगणकाचा पडदा चालू होता. कोपऱ्यातल्या आकड्यापुढचं वजाचं चिन्ह गेलं होतं. कुणीतरी दोन्ही खिडक्यांची नावं सरळ करून ठेवली होती, जी मूळ तिला मूळ म्हटलं होतं आणि जी नक्कल तिला नक्कल. नक्कल मागे होती. पाव तासाला थोडंच कमी, आणि आकडा वाढत होता.

तिने पासवर्ड घातला. चुकीचा. पुन्हा घातला. चुकीचा. मग तिच्या ध्यानात आलं. पासवर्ड बदलला होता. ती बदलणारच होती. नवा पासवर्ड तिच्याच डोक्यातून आलेला असणार, फक्त तो तिला अजून सुचायचा होता.

तिने आईला फोन लावला. फोन दुसऱ्या कॉलवर होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आई कुणाशी तरी बोलत होती, आणि आईला फोन करणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

बोळाच्या टोकाकडून घुमण्याचा आवाज आला.

जुना सर्व्हर केव्हाच भंगारात गेला होता. खोली रिकामी करून घेतली होती, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तरी आवाज तोच होता, आणि त्यात जरा फरक होता. पाय तिकडे वळले. काचेच्या दाराशी तिने कार्ड टेकवलं. लाल.

काचेतून शंकासुर दिसत होता, हातात लॅपटॉप घेऊन उभा. त्याच्यासमोर एक बाई पाठमोरी उभी होती. निळा स्वेटर. उजव्या कोपरावर रफू केलेलं, इतक्या बारीक टाक्यांचं की जवळून पाहिल्याशिवाय कळू नये. तिने स्वतःचं कोपर पाहिलं. तिथे अजून भोक होतं, आणि त्यातून कातडी दिसत होती. टाके सुबक होते, असं तिच्या मनात आलं. जमलं असतं आपल्याला. जमलंच की.

"मॅडम, नक्कल फार मागे पडली आहे," शंकासुर म्हणत होता. आवाज काचेतून दबून येत होता. "अटीला आलीच. तोडायच्या आधी एकदा बघायचं का? तिचं काही बिनसलं असेल."

तिने काचेवर हात मारला. मारला असं तिला वाटलं. शंकासुराने मान वर केली. कपाळाला ती आठी घालून तो दाराकडे बघत राहिला, नेमका ती होती तिकडे, आणि तिला आशा वाटली. जगात शंका घेणारा एक माणूस असावा, आणि तो हा असावा, या विचाराने तिला त्या क्षणी त्याच्याविषयी माया दाटून आली.

पाठमोरी बाई हसली. ते हसू स्वच्छ होतं, स्वतःच्या कामावर खूश असलेल्या माणसाचं.

"अरे, नकलेला काय विचारायचं?"

शंकासुराने मान खाली घातली.

तिने पुन्हा कार्ड टेकवलं. लाल. पण भीतीसोबत दुसरंही काही होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नव्हता. नियम चोख होता. कुठे फट नव्हती, कुणाची मेहेरबानी नव्हती, आणि तो तिने केला होता. दुसऱ्या कुणाला असा जमला नसता.

आत ती बाई खुर्ची ओढून बसली आणि शंकासुराला अगदी पहिल्यापासून समजावून सांगायला लागली, मागे पडलेली नक्कल का ठेवायची नसते. एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. मास्तरीण काचेबाहेर उभी राहून ऐकत राहिली, पाव तास भरेपर्यंत.